राज्यमातेच्या औषधाचे लेखाशीर्ष कोणते?

ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांचा लम्पी त्वचारोग दिसला आणि बघता बघता महाराष्ट्रातले गुरांचे बाजार ओस पडले. अंगभर रुपयाएवढ्या गाठी, सुजलेले पाय, पुढ्यात तसाच पडलेला हिरवा चारा! अशी गाय दावणीला बांधून मालक कडुलिंबाचा धूर करत होता, विड्याची पाने, मिरी नि गूळ कुटून भरवत होता आणि मिळेल त्याच्याकडून सुई टोचून घेत होता. त्या सुईत बहुधा प्रतिजैविक असे. ते जखमेतल्या जिवाणूंना आवरते. लम्पीच्या विषाणूला आवरणारे औषध मात्र कुणाच्याच पेटीत नव्हते. आजही नाही!

सरकारने गाईंना शेळ्यांच्या देवीची लस दिली, पण साथ अंगणात आल्यावर. मेलेल्या गाईमागे ३० हजार रुपये दिले. लस अंगी लागायला साधारण तीन आठवडे जातात. विषाणू वाहणारी गोमाशी तेवढी थांबते काय? ही फट विषाणूरोधक औषधानेच बुजेल. बाधित जनावराच्या अंगातला विषाणू घटला, तर शेजारचा गोठा वाचेल.

परदेशांत ही फट सुरीने बुजवतात. २०१० मध्ये जपानच्या मियाझाकीत लाळ्या-खुरकुतापायी सुमारे २ लाख ९० हजार जनावरे मारली गेली. त्याच जपानच्या संशोधकांनी टी-११०५ हे संयुग लाळ्या-खुरकुतावर डुकरांमध्ये तपासले. मारण्याची मुभा असलेलेही औषध शोधतात, आणि आम्ही? आमच्याकडे गाईचा वध आधीच बंद होता, २०१५ मध्ये बैलही त्या कायद्यात आला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाय 'राज्यमाता' झाली. मारायची नाही असे ठरवले, तेव्हाच जगवण्याचे औषध शोधणे आमच्यावर बंधनकारक झाले. आम्ही शोधल्या त्या घोषणा!

गाईला माता न मानणाऱ्या परक्या सरकारने १८८९ मध्ये आपल्याच पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. ती पुढे मुक्तेश्वरला गेली, गुरांच्या बुळकांडी रोगाशी झुंजली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाली. लशीने, आरतीने नव्हे.

औषध आले की त्याची दुकानदारी होईल, हेही आम्ही जाणतो. चीनमध्ये कोंबड्यांना अमान्टाडिन चारल्याच्या बातम्या २००५ मध्ये आल्या. माणसाच्या फ्लूवरचे ते औषध बर्ड फ्लूच्या कित्येक वाणांपुढे बोथट ठरले. म्हणून माणसाचे औषध गोठ्यात नकोच. जनावरांसाठी वेगळे औषध हवे, तेही पशुवैद्याच्या चिठ्ठीवर. ज्या तालुक्यात पशुवैद्याची खुर्चीच रिकामी, तिथे ती चिठ्ठी लिहिणार कोण?

एका देशी गाईमागे गोशाळेला दिवसाला ५० रुपये मंजूर झाले. आमची तक्रार नाही. पण राज्याच्या अर्थसंकल्पात विषाणूरोधक संशोधनाची रक्कम कोणत्या पानावर आहे, हे पशुसंवर्धनमंत्र्यांनी सभागृहात उभे राहून वाचून दाखवावे. लस कोणत्या तालुक्यात पावसाआधी पोहोचली, तेही!