कानस सर्वांत शेवटी

चकमकीच्या ठासणीच्या रायफलीचा आघातबिंदू, म्हणजे गोळी निशाण्यावर प्रत्यक्ष लागते ती जागा, आणि नेमबिंदू, म्हणजे नेम धरलेला असतो ती जागा, यांच्यात अंतर पडू लागले की बहुतेकांचा हात आधी कानशीकडे जातो. याचे कारण या शस्त्राच्या घडणीतच आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परिसरात जर्मन-भाषक कारागिरांनी घडवलेल्या लांब रायफली असोत किंवा त्यांच्या आजच्या प्रतिकृती असोत, त्यांच्या साइटला स्क्रू फिरवून वरखाली करण्याची सोय सहसा नसते. नळीच्या तोंडाजवळचे उभे पाते, म्हणजे माशी, आणि डोळ्याच्या बाजूची खाच असलेली पट्टी, म्हणजे मागची साइट, या दोन्ही नळीत कोरलेल्या डव्हटेल खाचेत घट्ट बसवलेल्या असतात. दुरुस्ती करायची म्हणजे धातू सरकवणे किंवा झिजवणे एवढेच हाती उरते आणि झिजवलेला धातू परत येत नाही. म्हणूनच दुरुस्ती कशी करावी याइतकाच ती कोणत्या क्रमाने करावी हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पहिली पायरी गोळ्यांच्या गटाची आहे. भक्कम टेकूवरून, एकाच भाराने झाडलेल्या पाच गोळ्या निशाण्यावर विखुरल्या असतील, तर त्या रायफलीला निश्चित असा आघातबिंदू अजून मिळालेलाच नसतो आणि त्या विखुरण्याची सरासरी काढून साइट हलवणे निरर्थक ठरते. गट जमण्यासाठी गोळीचा व्यास, तिच्याभोवतीच्या वंगण लावलेल्या कापडी चकतीची, म्हणजे पॅचची, जाडी आणि दारूचा भार यांची जुळणी आधी ठरवावी लागते. .50 कॅलिबरच्या नळीत .490 इंच व्यासाची मऊ शिशाची गोळी आणि .015 इंच जाडीचा पॅच ही प्रचलित सुरुवात आहे, तेथून भार 5 ग्रेनच्या टप्प्यांनी (1 ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम), निर्मात्याने घातलेली कमाल मर्यादा न ओलांडता आणि केवळ काळ्या दारूनेच, बदलत न्यावा. भार वाढला की गोळी वर लागेल हा समज मात्र सर्वत्र खरा नसतो. बाराच्या धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जात असते आणि वेगवान गोळी त्या उचलण्याच्या आधीच्या क्षणी बाहेर पडत असल्याने जवळच्या अंतरावर ती उलट खालीही लागू शकते. नळीत साचणाऱ्या काजळीनेही दाब बदलतो, त्यामुळे प्रत्येक बारानंतर ओलसर कापड फिरवण्याची पद्धत एकदा ठरवली की ती मोडू नये.

दुसरी पायरी पेट घेण्याची आहे. घोड्यात बसवलेली गारगोटी पोलादी पात्यावर आपटते, ठिणग्या पॅनमधल्या रंजकावर, म्हणजे बारीक दारूवर, पडतात आणि त्याची ज्वाला नळीच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रातून, म्हणजे कानातून, मुख्य भारापर्यंत पोहोचते. या साखळीला लागणारा वेळ आधुनिक रायफलीपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि तेवढ्या वेळात नेमबाज डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलतो किंवा डोके उचलतो. कान दारूने भरून गेला तर ती ज्वालेसारखी झटकन न भडकता वातीसारखी क्रमाने जळते आणि विलंब आणखी वाढतो. कान झिजून मोठा झाला असेल तर वायू बाहेर निसटतो, वेग कमीजास्त होतो आणि गट उभा लांबतो. गोळी निघून गेल्यानंतरही नेम क्षणभर तसाच धरून ठेवण्याची सवय लागली नसेल, तर कोणतीही साइट-दुरुस्ती टिकत नाही.

तिसरी पायरी लाकडाची आहे. लांब दस्त्यात नळी आडव्या खिळ्यांनी अडकवलेली असते आणि नळीखालच्या कड्यांतील छिद्रे किंचित लांबट नसली, तर लाकूड फुगल्या-आक्रसल्याने नळीवर ताण येतो. कोकण किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दमट झालेले लाकूड उन्हाळ्यातला आघातबिंदू सहज हलवू शकते. अशा वेळी दोष साइटचा नसून बैठकीचा असतो.

या तिन्ही पायऱ्या पार करूनही गट एकसंध राहून नेमबिंदूपासून दूरच पडत असेल, तरच साइटला हात लावावा. आडव्या दुरुस्तीत मागची साइट गोळी जिकडे न्यायची त्या दिशेला आणि माशी त्याच्या उलट दिशेला सरकते. हे काम पितळी ठोकणीने, मूळ जागेची बारीक रेघ आधी ओढून घेऊन करावे. उभ्या दुरुस्तीत माशी कमी केली की आघातबिंदू वर जातो आणि मागची खाच खोल केली की तो खाली येतो, त्यामुळे जाणकार कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतात व नवी रायफल खाली मारते. बदल किती करायचा हे चुकीचे अंतर गुणिले दोन साइटमधील अंतर भागिले निशाण्याचे अंतर या हिशोबाने निघते. दोन साइटमध्ये 800 मिमी अंतर असलेली रायफल 50 मीटरवर 100 मिमी खाली मारत असेल, तर माशी 1.6 मिमी कमी करावी लागेल. मात्र त्यातला तीन-चतुर्थांश भागच प्रथम काढून पुन्हा गट पाहावा. माशीची डोळ्याकडील बाजू सपाट आणि चकाकीविरहित ठेवावी, कारण उजवीकडून ऊन पडले की नेमबाज तिची उजळलेली कड खाचेच्या मध्यभागी धरतो आणि गोळी उन्हापासून दूर, डावीकडे जाते.

कोणत्या अंतरासाठी दुरुस्ती करायची हेही आधीच ठरवावे लागते. गोल गोळी पहिल्या 100 मीटरांतच आपल्या वेगाचा तिसरा हिस्सा किंवा अधिक गमावते आणि आडव्या वाऱ्याने सहज सरकते. 50 मीटरच्या सरावासाठी बेतलेली माशी आणि ठासणीच्या शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधील ‘मॅक्सिमिलियन’ या चकमकीच्या रायफलीच्या 100 मीटरच्या प्रकारासाठी बेतलेली माशी एकच असू शकत नाही.

प्रतिकृतीवर चुकून अधिक कानस चालली तर नवी माशी बसवता येते. दोनशे वर्षांच्या मूळ रायफलीवर ही सवलत नाही. तिच्या माशीची उंची ही तिच्या पूर्वीच्या मालकाने पसंत केलेल्या भाराची आणि अंतराची खूण असू शकते, ती झिजवणे म्हणजे पुरावा पुसणे होय. अशा रायफलीची नळी तज्ज्ञाकडून तपासून घेतल्यानंतर सुरक्षित मर्यादेत भार साइटशी जुळवावा. तेवढ्याने भागत नसेल तर नेमबिंदू बदलून नेम धरावा आणि साइट जशी आहे तशी राहू द्यावी. प्रतिकृती वापरणाऱ्यांनीही अंतिम भार, पॅचची जाडी, अंतर आणि काढलेल्या धातूचे माप यांची लेखी नोंद रायफलीसोबत ठेवली, तर ती पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला हीच दुरुस्ती पुन्हा करावी लागणार नाही.