नवजात अर्भकाची इजा : दाद मागायची कोठे?

नाशिक : बाळ जन्मले, पण रडले नाही. केसपेपरवरील ही एवढीशी नोंद एखाद्या कुटुंबाचे पुढील सारे आयुष्य ठरवून जाते. प्रसूतीच्या वेळी मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा खंडित झाल्यास काही मिनिटांतच पेशींना इजा पोहोचते. त्यातून वाचलेल्या काही मुलांच्या वाट्याला सेरेब्रल पाल्सी म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, फिट्स किंवा बौद्धिक अपंगत्व येते. यात कोणाची चूक होती काय, आणि असल्यास भरपाई कोणी द्यायची, हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. त्याचे उत्तर मात्र इजेच्या गांभीर्यापेक्षा माता कोणत्या रुग्णालयाच्या दारातून आत गेली, यावर अधिक अवलंबून आहे.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील अर्भकमृत्यूंची देशभर चर्चा झाली ती सप्टेंबर २०१७ मध्ये. नवजात शिशू दक्षता कक्षात एकट्या ऑगस्ट महिन्यात ५५, तर एप्रिलपासूनच्या पाच महिन्यांत १८७ अर्भके दगावल्याचे उघडकीस आले. एकेका काचेच्या पेटीत एकाहून अधिक अर्भके ठेवावी लागत असल्याचेही स्पष्ट झाले. बहुतांश बाळे खासगी रुग्णालयांतून अखेरच्या क्षणी पाठविली जातात, अकाली जन्म आणि श्वसनसंस्थेची दुर्बलता ही मृत्यूची कारणे आहेत, हलगर्जी झालेली नाही, अशी भूमिका तेव्हा रुग्णालय प्रशासनाने घेतली. मंत्र्यांची भेट झाली, आश्वासने मिळाली. त्या साऱ्या चर्चेत मृत्यूंचा आकडा होता. अशाच कक्षांतून जिवंत बाहेर पडलेल्या, पण मेंदूला कायमची इजा झालेल्या मुलांचा उल्लेख त्यात नव्हता.

दोन दरवाजे, दोन कायदे

खासगी प्रसूतिगृहात शुल्क भरून दाखल झालेल्या मातेसाठी मार्ग तुलनेने सुकर आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. २०१९ च्या नव्या कायद्यात सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा स्वतंत्र उल्लेख नसल्याने डॉक्टर त्यातून वगळले गेले, असा दावा काही संघटनांनी केला. आधी मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. आता तक्रार कोणत्या आयोगाकडे जाणार हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही. रुग्णालयाला मोजलेल्या रकमेवर ठरते. ही रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. साहजिकच प्रसूतीच्या जवळपास सर्व तक्रारी जिल्हा आयोगाच्या अखत्यारीत येतात. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही द्यावे लागत नाही.

मुलाबरोबर पालकांचेही नुकसान मोजले जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात मान्य केले. तापाने आजारी असलेल्या बालकाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन दिले, हृदयक्रिया थांबली आणि मेंदू कायमचा निकामी झाला, असे ते प्रकरण होते. राष्ट्रीय आयोगाने मुलाला साडेबारा लाख आणि पालकांना मनस्तापापोटी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

सरकारी रुग्णालयाच्या दारातून आत गेलेल्या मातेचे काय? शांता खटल्याच्याच निकालानुसार, जेथे सर्वांना सर्व सेवा मोफत मिळते, तेथील सेवा ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा ठरत नाही. नाममात्र नोंदणी शुल्क घेतले म्हणून त्यात फरक पडत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसह, मोफत केली. गरीब कुटुंबांना त्याचा मोठा आधार मिळाला. परंतु ज्या सवलतीमुळे सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर वा इगतपुरीतील माता रुग्णालयात येते, तीच सवलत ग्राहक आयोगाचे दार तिच्यासाठी बंद करते.

तिच्यापुढे मग दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयातील रिट याचिका हे दोन मार्ग उरतात. दिवाणी मार्ग किती लांबीचा असू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. तत्कालीन औरंगाबाद येथील सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये प्रसूतीनंतरच्या नसबंदी शस्त्रक्रियेवेळी एका महिलेच्या पोटात कापड राहिले आणि तिचा मृत्यू झाला. डॉक्टरांच्या हलगर्जीला राज्य सरकार जबाबदार आहे, असा अंतिम निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १९९६ मध्ये. तेहतीस वर्षांनंतर कायम झालेली भरपाई होती ३६ हजार रुपये.

मुदत आधी संपते, निदान नंतर होते

कोणताही दरवाजा निवडला तरी पुरावा एकच असतो, तो म्हणजे कागद. कळा सुरू झाल्यापासूनची प्रगती दाखविणारा पार्टोग्राफ, गर्भाच्या हृदयाचे वेळोवेळी मोजलेले ठोके, गर्भजलाचा रंग, जन्मानंतर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाचे अपगार गुण, बाळाला कृत्रिम श्वास केव्हा दिला आणि बालरोगतज्ज्ञ केव्हा पोहोचले, या नोंदींवर सारा खटला उभा राहतो. कळांच्या पहिल्या टप्प्यात साधारण दर अर्ध्या तासाने गर्भाचे ठोके तपासणे अपेक्षित असते. त्या रकान्यात चार तास काहीच लिहिलेले नसेल, तर तो रिकामा रकानाही न्यायालयात बोलतो.

मात्र हा कागद फार काळ टिकत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करण्याचे आणि मागणी झाल्यावर ७२ तासांत देण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. आणि सेरेब्रल पाल्सीचे निदान बहुधा मूल वर्ष-दोन वर्षांचे झाल्यावर होते. मूल मान धरत नाही, बसत नाही, हे लक्षात येऊनही ‘काही मुले उशिरा शिकतात’ या समजुतीत महिने निघून जातात. पुरेसे कारण दाखविल्यास आयोग विलंब माफ करू शकतो. पण तो त्याच्या विवेकाधीन आहे. पोटात राहिलेल्या कापसाबाबत गोव्यातील एका परिचारिकेने बऱ्याच वर्षांनी केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मुदतबाह्य ठरविली होती. स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असूनही तिने वेळीच तपासणी करून घेतली नाही, हा मुद्दा तेव्हा निर्णायक ठरला.

दिवाणी दाव्यात अज्ञान व्यक्तीसाठी मुदतीची सवलत आहे. मूल सज्ञान होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. परंतु अठरा वर्षांनंतर दावा लावायचा, तर तीन वर्षांनंतर नष्ट करता येणारा केसपेपर आणायचा कोठून?

प्रत्येक वेळी चूकच असते, असे नाही

डॉक्टरांची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. सेरेब्रल पाल्सीच्या बहुसंख्य प्रकरणांचे मूळ प्रसूतीच्या त्या काही तासांत नसते. अकाली जन्म, गर्भावस्थेतील संसर्ग, जनुकीय दोष अशी अनेक कारणे त्यामागे असतात. म्हणूनच नाळेतील रक्ताची आम्लता आणि मेंदूचा एमआरआय या तपासण्यांना महत्त्व आहे. त्या वेळीच झाल्या तर निर्दोष डॉक्टरचाही बचाव होतो. लहान रुग्णालयांत त्या सर्रास होत नाहीत.

जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फौजदारी कारवाईसाठी ढोबळ आणि गंभीर स्वरूपाच्या निष्काळजीपणाचा निकष घालून दिला. त्या प्रकरणात श्वास लागलेल्या रुग्णासाठी आणलेले प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले होते. भरपाईच्या दाव्यासाठी मात्र समकक्ष डॉक्टरकडून अपेक्षित असलेली वाजवी काळजी घेतली होती काय, एवढेच पाहिले जाते. तरीही तज्ज्ञाचे मत हवेच. आपल्याच शहरातील सहकाऱ्याविरुद्ध लेखी मत देण्यास किती डॉक्टर पुढे येतील, हा प्रश्न तक्रारदाराला पहिल्याच पायरीवर अडवतो. दुसरीकडे, खटल्याच्या धास्तीने सिझेरियनकडे कल वाढतो, असा वैद्यक क्षेत्राचा आक्षेप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मधील १७.२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. त्यातील किती वाढ धास्तीमुळे झाली, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

जपानने काढलेला मार्ग

हीच कोंडी फोडण्यासाठी जपानने २००९ मध्ये वेगळी व्यवस्था उभारली. प्रसूतीशी संबंधित गंभीर सेरेब्रल पाल्सी झालेल्या, निकषांत बसणाऱ्या मुलाला चूक सिद्ध न करता एकूण तीन कोटी येन मिळतात. काही रक्कम सुरुवातीला आणि उर्वरित वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी दिली जाते. त्याचबरोबर तज्ज्ञांची समिती प्रत्येक प्रकरणाचे कारण तपासते आणि तिचा अहवाल कुटुंबाला व रुग्णालयाला देते. पालकांना पैशांइतकीच गरज असते ती नेमके काय घडले हे कळण्याची. भारतातील निकालपत्रांतून ते कळते; पण अनेक वर्षांनी, आणि तेही न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्या मोजक्यांनाच.

अशा निधीसाठी केंद्र वा राज्याला कायदा करावा लागेल आणि त्याला वेळ लागेल. काही गोष्टी मात्र आजही शक्य आहेत. प्राणवायूच्या कमतरतेची शंका असलेल्या प्रत्येक नवजाताची कागदपत्रे तीन वर्षांऐवजी सज्ञान वयापर्यंत जपण्याचा आदेश सरकार आपल्या रुग्णालयांपुरता देऊ शकते. सुटीच्या वेळीच पार्टोग्राफ आणि अपगार नोंदींची प्रत मातेच्या हाती देता येईल. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची ही माहिती नवजात शिशू कक्षाबाहेर ठळकपणे लावता येईल. राज्यातील डॉक्टर आणि परिचारिकांच्या शिक्षणाचे नियमन करणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. प्रसूतीकक्षातील नोंदी वेळच्या वेळी लिहिण्याचा आग्रह तेथून धरला गेला, तर त्याचा लाभ प्रथम बाळांना मिळेल. ठोके मंदावल्याची नोंद वेळेवर झाली, तर सिझेरियनचा निर्णयही वेळेवर होतो आणि दाव्याची वेळच येत नाही.