पुरे म्हणजे किती?

परवा नात जीमॅटचं पुस्तक घेऊन बसली होती. एमबीएच्या प्रवेशाची परीक्षा. त्यात ‘डेटा सफिशियन्सी’ म्हणून एक प्रकार असतो. पूर्वी तो गणिताच्या विभागात होता, २०२३ मध्ये परीक्षेचं रूप बदललं तेव्हा ‘डेटा इनसाइट्स’मध्ये गेला. एक प्रश्न, खाली दोन विधानं. उत्तर काढत बसायचं नाही. पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळून पुरतात, कुठलंही एक पुरतं की दोन्ही मिळूनही पुरत नाहीत, एवढंच सांगायचं.

“आजोबा, हे गणित नाहीच, नुसती फसवाफसवी! क्लासमधले सर म्हणतात, दोन चल दिसले की दोन समीकरणं लागणारच. डोळे मिटून ‘दोन्ही मिळून’वर खूण करा.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घे हे. पेन ७ रुपयांना, वही ११ रुपयांना. काही पेनं आणि काही वह्या घेतल्या. पेनं किती? विधान पहिलं: एकूण ५८ रुपये झाले. विधान दुसरं: एकूण ६ नग घेतले.

“दोन्ही मिळून!”

चूक. एक वही घेतली तर ४७ उरतात, दोन घेतल्या तर ३६, तीन घेतल्या तर २५. सातने भाग जातो का? नाही. चार वह्या, उरले १४, म्हणजे दोन पेनं. पाच घेतल्या तर उरतात ३, तेवढ्यात पेन येत नाही. अर्धं पेन दुकानदार देत नाही हो! पहिलं विधान एकटं पुरतं. दुसरं एकटं मात्र नाही.

आता उलटं. किमती माहीत नाहीत. एक पेन आणि दोन वह्या २९ रुपये. दोन पेनं आणि चार वह्या ५८ रुपये. समीकरणं दोन झाली, पण सांगतात एकच गोष्ट. पेनाची किंमत सात जन्मात निघणार नाही.

याला फसवाफसवी म्हणायचं?

दोष त्या पोरीचा नाही, आमचा आहे. आमच्या पुस्तकांतल्या गणितात माहिती कशी अगदी मोजून मापून, लागते तेवढीच. मी स्वतः वर्गात विचारायचो, “दिलेलं सगळं वापरलंस का?” काय घातक प्रश्न! फ्रान्समध्ये ग्रेनोबलला १९८० च्या सुमारास लहान मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? बहुतेकांनी आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून कप्तानाला वय देऊन टाकलं.

परीक्षा फार चांगली आहे असं माझं म्हणणं नाही. घड्याळ लावून विचार करवतात ते मला पटत नाही. पण प्रश्नाचा हा प्रकार सोन्यासारखा आहे, आणि क्लासवाले त्याचाही रट्टा मारून घेतात.

अजून शिकवत असलेल्या ब्लॉगर मित्रांनो, येत्या सहामाहीत ‘माहिती अपुरी आहे’ असं उत्तर असलेलं एक गणित घालाच. प्रश्नच चुकलाय म्हणून पालक भांडायला येतील. येऊ देत.