आईच्या वेळेचा हिशेब

भांडवली वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एक सदर ठराविक काळाने हमखास उगवते. नोकरी, घर आणि मुले यांची तारेवरची कसरत करणाऱ्या आईने आपला दिवस कसा आखावा, हा त्याचा विषय. पहाटे तासभर आधी उठावे, आठवड्याच्या भाज्या सुटीच्या दिवशीच निवडून ठेवाव्यात, मुलांचे गणवेश आणि दप्तरे रात्रीच तयार करावीत, कामांची यादी करून ती स्वयंपाकघरात टांगावी, असा हा उपदेश असतो. तो सर्वस्वी टाकाऊ आहे असे म्हणण्याचे कारण नाही. रात्री भिजत घातलेली मटकी सकाळी खरोखरच हाताशी येते, आणि कागदावर उतरलेले काम डोक्यातून उतरते, हा अनुभव कोणत्याही आईला आहे. तिने तो पुरवणीतून घेतलेला नाही. पुरवणीनेच तो तिच्याकडून घेतला आहे.

परंतु या उपदेशाच्या तळाशी एक गृहीत दडलेले असते. आईचा वेळ तिच्या मालकीचा असून केवळ तिच्या अव्यवस्थितपणामुळे तो वाया जातो, हे ते गृहीत होय. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीच्या घरी उभे राहून ते तपासावे. तिच्या कामाचे मोल हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. रात्री पाने भिजवून ठेवणे आणि कात्रीने मापात कापून ठेवणे हे काम त्या मजुरीतच गृहीत धरलेले असते. त्याला वेगळा दाम नाही, म्हणून त्याला वेगळी वेळही नाही. मुले झोपल्यावर ते होते, किंवा मूल मांडीवर असताना होते. नळाला पाणी काही दिवसांआड, आणि तेही पालिकेच्या मर्जीच्या वेळी, हे त्या शहराने वर्षानुवर्षे सोसले आहे. पाणी ज्या रात्री येईल ती रात्र तिची नसते. रेशनची रांग, शाळेची घंटा, विड्या मोजून घेणाऱ्याची वेळ, यांतली एकही गोष्ट तिच्या यादीला विचारून चालत नाही. यादी करायला तिला वेळ नाही असे नाही. यादीत वर-खाली करण्याजोगे काहीच तिच्या हाती नाही.

येथे एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. विडी व सिगार कामगारांसाठीच्या १९६६ च्या कायद्याने ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यावर पाळणाघराचे बंधन घातले होते. सर्वसाधारण कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात पन्नासहून अधिक स्त्री-कामगारांची अट होती, ती १९७६ च्या दुरुस्तीने तिसावर आली. मात्र काम घरोघरी वाटून दिले की कारखानाही उरत नाही आणि पाळणाघरही. मालकाच्या खर्चातून सुटलेले ते मूल मग आईच्या मांडीवर येऊन बसते, आणि त्यानंतर पुरवणीतील सल्लागार तिला विचारतात की तुम्ही वेळेचे नियोजन का करीत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली प्रथमच देशव्यापी वेळ-वापर पाहणी केली. पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार, असा चोवीस तासांचा हिशेब अर्ध्या-अर्ध्या तासांच्या तुकड्यांत घेण्यात आला. आपल्याच घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्यातून दिसले. अर्थात ती करणारे पुरुष मुळात शंभरात सव्वीसच होते, स्त्रिया एक्याऐंशी. पुढची पाहणी २०२४ साली झाली. स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटे! ही दहा मिनिटे घरातील पुरुषाने उचलली असतील असे वाटणाऱ्याने पुढचा आकडाही पाहावा: पुरुषांची ९७ मिनिटे ८८ झाली आहेत. ज्याने काही उचलायचे होते त्यानेही आपला भार थोडा खालीच ठेवला. मुलांचे व वृद्धांचे संगोपन हे या आकड्यांत धरलेलेच नाही. त्याची मोजणी वेगळी आहे.

यावर समाजवादाने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे असे उत्तर देण्याची सवय आपल्या व्यासपीठांना आहे. ती सवय सोडलेली बरी. सार्वजनिक भोजनगृहे, शिशुगृहे, बालोद्याने यांना लेनिनने १९१९ साली नव्या समाजाचे अंकुर म्हटले आणि घरकामाच्या क्षुद्र, बुद्धी बोथट करणाऱ्या जाचावर कोणत्याही बूर्झ्वा सुधारकापेक्षा कठोर प्रहार केला, हे खरेच आहे. तथापि त्यानंतर बरोबर पन्नास वर्षांनी, १९६९ साली, मॉस्कोच्या ‘नोवी मीर’ मासिकात नताल्या बारान्स्काया यांची एक दीर्घकथा प्रसिद्ध झाली. तिच्या नावाचा अर्थ, नेहमीसारखाच एक आठवडा. नायिका ओल्गा प्रयोगशाळेत संशोधक आहे, दोन मुलांची आई आहे, तिचा पती वाईट माणूस नाही, मुलांसाठी शिशुगृह व बालोद्यान आहे. सोमवारी प्रयोगशाळेत एक प्रश्नावली वाटली जाते: घरकामाला किती तास, मुलांना किती, विरंगुळ्याला किती? ओल्गाला ती भरता येत नाही, कारण तिचे तास असे सुटे करून मोजताच येत नाहीत. रविवार संपतो, आणि तिच्या कपड्याचा तुटलेला एक आकडा आठवडाभर शिवायचा राहिलेलाच असतो. ही कथा शत्रूच्या प्रचारपत्रकात आली नव्हती. सोव्हिएत मासिकाने ती छापली आणि सोव्हिएत स्त्रियांनी ती स्वतःची म्हणून वाचली. शिशुगृह उभारले तरी ‘घर हे बाईचेच’ ही समजूत जागची हलत नाही, तिच्याशी वेगळा झगडा करावा लागतो, हे तीतून शिकण्यासारखे आहे.

हा झगडा दूर कोठे नसून आपल्या शाखेच्या बैठकीत आहे. बहुतेक शाखांची बैठक रात्री साडेसात-आठला बोलावली जाते. ही वेळ कोणी ठरवली? आपल्या चळवळीची घडण गिरणगावात झाली. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार पाळी संपवून खानावळीत जेवत असे आणि मग सभेला येत असे. त्याच्या त्या मोकळ्या संध्याकाळीमागे खानावळवाली बाई उभी होती. दहा-वीस माणसांचे पोळी-कालवण रोज तयार करणाऱ्या त्या बाईला सभेची वेळ कधी सोयीची होती, हे क्वचितच कोणी विचारले असेल. १९७५ साली गोवा मुक्तिसंग्रामातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी त्या खानावळवाल्यांनाच एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले आणि सावकाराऐवजी राष्ट्रीयीकृत बँकेचे दार त्यांना उघडून दिले. तोपर्यंत त्या संपूर्ण कामगारवस्तीला जेवू घालीत होत्या, पण कामगार म्हणून त्यांची गणना नव्हती. गिरण्या गेल्या, खानावळीही बऱ्याचशा गेल्या. बैठकीची वेळ तेवढी तशीच राहिली. इंदूर असो, नागपूर असो, हैदराबाद असो, रात्री आठला शाखा भरते, आणि रात्री आठलाच घरोघरी कुकरची शिट्टी होते.

परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. लग्नापूर्वी विद्यार्थी संघटनेत रात्र-रात्र भित्तिपत्रके लिहिणारी मुलगी पहिल्या बाळंतपणानंतर बैठकींना दिसेनाशी होते. प्रथम इतिवृत्तात ‘गैरहजर, कळविले’ असे येते, नंतर नुसते ‘गैरहजर’. सभासदत्वाच्या नूतनीकरणाच्या वेळी चिटणीस खेदाने सांगतात की कॉम्रेड अलीकडे निष्क्रिय झाल्या आहेत. तिचा पती त्याच शाखेत असला तर तोही मान खाली घालून संमती देतो. त्याची स्वतःची हजेरी मात्र चोख असते. ती चोख राहावी म्हणून त्या वेळी घरी कोण थांबले होते, हे इतिवृत्तात लिहिण्याची पद्धत नाही.

वेळेच्या नियोजनाचे धडे द्यायचेच असतील तर ते येथून सुरू करावे लागतील. आठला बोलावलेली बैठक पावणेनऊला सुरू होते, तासभर प्रास्ताविक चालते, आणि खरा विषय साडेदहाला निघतो. पुरुष कॉम्रेडच्या लेखी ही केवळ ढिलाई आहे. आईच्या लेखी मात्र त्याचा अर्थ असा, की शेजारणीकडे दीड तासासाठी सोपवलेले मूल तिने तीन तासांनी उचलायचे आणि पुढच्या वेळी त्या शेजारणीला तोंड दाखवायचे नाही. विषयपत्रिका दोन दिवस आधी हाती पडावी, बैठक सुरू होण्याची वेळ जितकी नक्की तितकीच संपण्याचीही असावी, ज्या विषयावर तिचे मत अपरिहार्य आहे तो आधी घ्यावा, ही काही क्रांतिकारक मागणी नाही. दुपारी मुले शाळेत असतात तो तास, किंवा सुटीची सकाळ, या वेळा वस्तीतील स्त्रियांना विचारून ठरवता येतात. नोकरदार पुरुषांना दुपार जमणार नाही, हा आक्षेप खरा आहे. मग एक बैठक दुपारी, एक रात्री, असे आलटून-पालटून करावे. गैरहजेरी थोडी वाटली तरी जाईल. बैठकीच्या खोलीला लागून एक सतरंजी, चार खडू आणि मुलांवर लक्ष ठेवणारा एक कॉम्रेड पुरेसा असतो. तो पाळीने पुरुष असावा, एवढेच पाहावे. नाही तर बैठकीला आलेल्या पाच आयांपैकी एक सतरंजीवरच अडकेल.

घराच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट सांगणे भाग आहे, कारण पुरोगामी घरांत ती सहसा निसटते. पती ‘मदत’ करतो. भाजी आणतो, सांगितले तर मुलाला आंघोळ घालतो. पण कोणती भाजी संपली, लस कोणत्या तारखेला टोचायची, गॅस कधी नोंदवायचा, शाळेची फी कधी भरायची, हे लक्षात ठेवण्याचे काम तिच्याकडेच राहते. हात दोन झाले, डोके एकच राहिले. संघटनेच्या कामात जबाबदारी सोपवणे म्हणजे काय हे त्या पतीला उत्तम कळते. जिल्हा कमिटीने सोपवलेले काम तो रोज आठवण करून दिल्यावरच करीत नाही. तीच रीत घरी लावावी. मुलांची शाळा संपूर्णतः एकाची, किराणा आणि रेशन संपूर्णतः दुसऱ्याची, तेही आठवणीसकट. सुरुवातीस डबा विसरेल, फी उशिरा जाईल. ती चूक आईने धावत जाऊन दुरुस्त केली की जबाबदारी पुन्हा तिच्याकडे येते. म्हणून तेथे तिने थोडे कठोर व्हावे, आणि सासूबाईंचे बोलणे पतीनेच ऐकून घ्यावे.

या वाटणीतून जो तास मोकळा होईल तो आणखी एखाद्या मोर्चाच्या तयारीत खर्ची पडू नये, हेही शाखांनी पाहायला हवे. कार्यकर्त्या आईचे वाचन बाळंतपणानंतर थांबते आणि बहुधा पुन्हा सुरू होत नाही. अभ्यासवर्गात मग ती श्रोती म्हणून बसते आणि व्याख्याता तिचा पती असतो, जो तिच्याइतकाच शिकलेला आहे, फक्त त्याला संध्याकाळी वाचायला मिळाले.

पुढील नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक शाखेने मागील पाच वर्षांत गळलेल्या स्त्री-सभासदांची नावे काढावीत, आणि प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात: तिचे मूल तेव्हा किती वर्षांचे होते, आणि शाखेची बैठक किती वाजता भरत होती. नंतर ती वही घेऊन तिच्या घरी जावे. रात्री आठला नको, दुपारी.