विमा घरमालकाचा, फ्रिज तुमचा!

कुहीहून नोकरीसाठी नागपुरात आलात, वन बीएचके भाड्यानं घेतला, फ्रिज-टीव्ही हप्त्यावर. आणि विमा? ‘घरमालक बघेल की!’ इथेच तर गडबड होते, राव. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठचे तळमजले पाण्यात गेले. घरमालकाची पॉलिसी असलीच, तर ती त्याच्या भिंतींची. तुमच्या भिजलेल्या फ्रिजची नाही.

२०२१पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत भाडेकरूला नुसत्या सामानाचा विमा काढता येतो, पुरासकट. फ्लॅट स्वतःचा असेल, तर बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख, सामानासाठी आपोआप धरतात. दागिन्यांचं कव्हर मात्र वेगळं मागावं लागतं (आईच्या बांगड्या आठवल्या ना?). आणि हो, खरेदीच्या बिलांचे फोटो आजच स्वतःला मेल करून ठेवा.