डोंगरीचं कापड, अमेरिकेची बटणं : अस्सल कसं ओळखावं?

मुंबईतली डोंगरी आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची. पण कामगारांच्या ‘डंगरी’चं नाव याच डोंगरीवरून पडलं असं सांगतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डोंगरीच्या किल्ल्याजवळ विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड बोटींतून परदेशी गेलं आणि इंग्रजीत ‘डंगरी’ हा शब्द रुजला. पुढे कामाच्या कपड्यांनाही तेच नाव मिळालं. अमेरिकेत रेल्वेवर, खाणीत आणि शेतावर राबणाऱ्यांनी अशाच जाड कापडाचे कपडे पिढ्यान्‌पिढ्या घातले. त्या कपड्यांवरची धातूची बटणं आज शौकीन लोक चांगले पैसे मोजून घेतात.

जिथे मोल आलं, तिथे नक्कलही आली. जुन्या जीन्स आणि जॅकेटांचा नाद आता आपल्या मुलांनाही लागला आहे. फोनवर फोटो पाहून ती पैसे पाठवतात आणि घरी येतं ते काल-परवा बनवलेलं बटण. उलट, ज्यांच्या घरचं कुणी बोटीवर नोकरीला होतं, त्यांच्या शिवणाच्या डब्यातली खरी जुनी बटणं भंगारात जातात. दोन्हीकडे नुकसानच. ते टाळायचं तर पुढच्या गोष्टी पाहाव्यात.

आधी पाठ बघा

ही बटणं दोऱ्याने शिवलेली नसतात. पुढे टोपी आणि मागे खिळा असे त्यांचे दोन भाग असतात. खिळा कापडातून आरपार जातो आणि दाब दिला की त्याचं टोक टोपीच्या आत दबून पक्कं बसतं. म्हणून असं बटण काढायचं म्हटलं की कापड दुखावतं. बटणाच्या पाठीमागे कापडाला दुसरं भोक, फाटलेले धागे किंवा नवं ठिगळ दिसलं, तर बटण नंतर बसवलेलं असण्याची शक्यता धरा.

काही जुन्या कामाच्या कोटांची बटणं मात्र मुद्दाम काढता येतील अशी असत. त्यांच्या मागे कडी असते आणि ती एका छोट्या रिंगने अडकवलेली असते. कोट धुलाईला देताना बटणं काढून ठेवायची, ही त्यामागची सोय. अशी बटणं सुटी मिळाली, तर तेवढ्यावरून शंका घेऊ नये.

झीज कुठे झाली आहे?

बोटं जिथे लागतात तिथे धातू झिजतो. उठावाची अक्षरं आणि कडा आधी गुळगुळीत होतात, खोलगट भागात मळ साचतो. कापडही साक्ष देतं. टोपीखालची निळाई ऊन न लागल्यामुळे गडद राहते, भोवताली गंजाचा डाग पसरतो आणि समोरचं काज सैल पडतं. बटण झिजून गेलेलं आणि काज मात्र कोरं करकरीत, असं दिसलं तर थांबा. सगळ्या बटणांवर एकसारखा काळपटपणा असेल, तर तो रसायनाने आणलेला असू शकतो.

पण चकाकतं ते सगळं नकलीच, असंही नाही. दुकानात न विकता पडून राहिलेला जुना मालही बाजारात येतो. तो खराच असतो, फक्त वापरलेला नसतो. असं जुनं बटण नव्या कपड्यावर लावून कपडाही जुना म्हणून विकता येतो. म्हणून बटणाची परीक्षा वेगळी आणि कपड्याची वेगळी.

अक्षरं आणि आकडे

जुनी बटणं ठशात दाबून बनवत, त्यामुळे अक्षरांच्या कडा स्वच्छ उठतात. अस्सल बटणाचा साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरं बोथट दिसतात, बारीक खड्डे पडतात, कडेला जोडाची रेघ राहते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून अशी नक्कल मूळ बटणापेक्षा किंचित लहान भरते. भिंग घेऊन पाहिलं तर हे ओळखू येतं. मात्र चांगले कारागीर नवा ठसा घडवूनही बटणं पाडतात. तिथे अक्षरांची सफाई पुरावा ठरत नाही.

मागच्या आकड्यावरही विसंबू नये. लेव्हायस कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या व्हॅलेन्सिया स्ट्रीट कारखान्याचा आकडा ५५५. हा कारखाना २००२ साली बंद झाला. त्याआधी तिथेच जुन्या धर्तीच्या नव्या जीन्सही शिवल्या गेल्या आणि त्यांच्या बटणांवरही ५५५ च आहे. आकडा कारखाना सांगतो, वय सांगत नाही.

वयाचा अंदाज हवा असेल, तर कपड्याची घडण पाहा. लेव्हायसच्या ५०१ पँटला पट्ट्यासाठी लूप १९२२ मध्ये आले आणि गॅलिस अडकवायची बटणं १९३७ मध्ये गेली. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई पडली तेव्हा जॅकेटांना कंपनीच्या नावाऐवजी पानांच्या नक्षीची साधी बटणं लागली. ही युद्धकाळातली बटणं विशेष मागणीची, म्हणून त्यांच्या नकलाही होतात.

चुंबक आणि चिंच

लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे एवढंच कळतं. जुन्या काळीही लोखंडावर तांब्या-पितळेचा मुलामा देत, तेव्हा चिकटलं म्हणून नकली आणि नाही चिकटलं म्हणून अस्सल, असा हिशेब करू नये.

आणि घरातल्या बायकांना खास विनंती. डब्यात जुनं बटण सापडलं, तर पितळेच्या भांड्यासारखं चिंच लावून घासू नका. त्या मळात आणि गंजातच त्याचं वय असतं. कोरड्या मऊ कापडाने पुसा, बस्स.

नक्कल आणि फसवणूक

नक्कल करणं म्हणजे फसवणूक नव्हे. जपानमधले कारागीर कित्येक वर्षांपासून जुन्या अमेरिकी कपड्यांच्या हुबेहूब आवृत्त्या मन लावून बनवतात आणि नव्या म्हणूनच विकतात. फसवणूक होते ती वय लपवून जादा दाम घेतला जातो तेव्हा. म्हणून घेताना विक्रेत्याकडून बटणाच्या पाठीचा, काजाचा आणि आतल्या शिवणीचा फोटो मागा. तो टाळाटाळ करत असेल, तर पैसे पाठवू नका. आणि आपल्या घरचं बटण विकायची वेळ आली, तर जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगा. ते नंतर बसवलेलं असेल, तर गिऱ्हाईक विचारेपर्यंत थांबू नका, आधीच सांगून टाका.