रोमन आकडे घोकायचे की समजून घ्यायचे?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पाचवीतल्या मामेभावाला मुंबई दाखवायला नेले होते. गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवरचा इंग्रजी लेख अक्षर लावून वाचताना तो ‘सेकंड ऑफ डिसेंबर’पाशी अडला. “दादा, पुढे एम-सी-एम-एक्स-आय म्हणजे काय रे?” इतिहास घेऊन बी. ए.च्या शेवटच्या वर्षात असलेला मी बेधडक म्हणालो, “असेल एखाद्या साहेबाची पदवी!”

ती पदवी नव्हती, साल होते. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी भारताच्या भूमीवर पाऊल ठेवले ते १९११. आपल्याच पारतंत्र्याची तारीख मला वाचता आली नाही, ही गोष्ट मनाला लागली आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

शाळेत आम्ही एक ते वीस रोमन आकडे पाढ्यांसारखे घोकले, पण संख्येचे रूपांतर कसे करायचे ते कधी समजून घेतले नाही. वास्तविक रीत सोपी आहे. संख्येचे हजार, शतक, दशक, एकक असे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र लिहावा. १९११ म्हणजे १००० (एम), ९०० (सीएम), १० (एक्स) आणि १ (आय). एककासाठी आय-व्ही-एक्स, दशकासाठी एक्स-एल-सी, शतकासाठी सी-डी-एम. अक्षरे बदलतात, साचा तोच. म्हणूनच ९९ हे ‘आयसी’ असे लिहीत नाहीत. नव्वद आणि नऊ वेगळे काढून ‘एक्ससी-आयएक्स’ लिहितात.

खुद्द रोमन लोक मात्र इतके काटेकोर नव्हते. कोलोसियमच्या एका दारावर ५४ हा आकडा एल आणि पुढे चार आय असा कोरलेला आहे.

कोणी म्हणेल, ही परक्यांची अडगळ हवी कशाला? माझे मत उलट आहे. आपल्या अंकांचे मोल कळायला हे रूपांतर एकदा तरी हाताने करावे. १९०५ लिहिताना एम-सीएम-व्ही एवढेच उरते. शून्य नाहीसे होते, कारण तिथे त्याला जागाच नाही. १८८८ ला तेरा अक्षरे लागतात, २००० ला दोनच! लांबीवरून संख्येचे मोठेपण कळत नाही. अशा आकड्यांत कागदावर गुणाकार मांडून पाहा, म्हणजे पिसाच्या फिबोनाचीने १२०२ साली आपल्या ग्रंथात भारतीयांच्या नऊ अंकांचा आणि शून्याचा पुरस्कार का केला, हे उमगेल. तरीही १२९९ साली फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत या नव्या अंकांना बंदी घातलीच. सवय मोडणे युरोपलाही जड गेले. आपल्या राज्यघटनेचे ३४३ वे कलम ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ असे शब्द वापरते, त्यामागे एवढा प्रवास आहे.

तेव्हा केवळ भारदस्त दिसते म्हणून वर्गाच्या पाटीवर किंवा प्रकरणाच्या डोक्यावर रोमन आकडे मिरवू नयेत, असे मला वाटते. पण शिलालेख, इमारती आणि जुन्या ग्रंथांची मुखपृष्ठे यांवर ते राहणारच. इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एक तास, फक्त एकच तास, या रूपांतराला द्यावा, अशी आमच्या प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. गणिताला भिऊन कला शाखेत आलेल्या माझ्यासारख्यांनाही तो झेपेल.

असो. मामेभावाची चूक कबूल करून माफी मागितली आणि त्याला ही रीत शिकवली. शेवटची ब्रिटिश पलटण त्याच गेटवेतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी परत गेली, हेही सांगितले. त्याने वही ओढली आणि माझी मदत न घेता ते साल लिहिले : एम-सीएम-एक्सएल-व्हीआयआयआय. मी ते दोनदा तपासले. बरोबर होते.